आळ आणि बोभाटा



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 18:15-20) प्रभू येशूने ऐकायला सोपी आणि पाळायला फार अवघड अशी एक रीत सांगितली आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचे. तेही जमले नाही, तरच ख्रिस्तसभेपुढे विषय न्यायचा. आपल्याकडे हा जिना बहुधा उलट्या बाजूने उतरला जातो. आधी सगळ्या वस्तीला कळते, मग दोघातिघांची बैठक बसते आणि सर्वांत शेवटी, कळलेच तर, ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे त्याच्या कानावर जाते.

मागे एका प्रार्थनासभेत हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी सरळ विचारले, "फादर, खोटं बोलणं पाप, हे आम्ही लहानपणापासून शिकलो. पण मी बोलले ते खरंच होतं. मग पाप कसलं?" तिथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या मनात तोच प्रश्न असावा, कारण सगळे एकदम गप्प झाले. आत्मपरीक्षण करताना आपण आठव्या आज्ञेपाशी येतो, खोटी साक्ष कुठे दिली नाही असे मनाशी म्हणतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. म्हणून या रविवारी त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. ही श्रीमंती काही अभिमानाची नव्हे, हे वेगळे! निंदा, नालस्ती, चहाडी, चुगली, कुटाळकी, आळ, बालंट, बदनामी, बेअब्रू, बोभाटा. शिवाय कान भरणे, उणेदुणे काढणे, उखाळ्यापाखाळ्या काढणे. बोलताना आपण हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे सहज वापरतो. पण प्रत्येकात इजा वेगळी आहे, आणि इजा वेगळी असली की औषधही वेगळे लागते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात हे प्रकार फार शांतपणे वेगळे करून ठेवले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असा: बोललात ते तोंडावर की पाठीमागे? तोंडावर बोललात तर तो अपमान, पाठीमागे बोललात तर ती निंदा. या दोहोंतला फरक ते दरोडा आणि चोरी यांतल्या फरकासारखा मानतात. दरोडेखोर निदान समोर येतो, माणसाला हात वर करण्याची तरी संधी मिळते. चोर रात्री येतो आणि काय गेले ते सकाळी कळते. "मी काय, तोंडावरसुद्धा सांगायला घाबरत नाही," असे पाठीमागे बोलताना म्हणणारे आपल्याला सर्वत्र भेटतात. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की अजून त्यांनी तोंडावर सांगितलेले नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक खोल जातो: तुम्हाला नेमके काय मोडायचे होते? निंदा करणाऱ्याला त्या माणसाचे नाव मोडायचे असते. चहाडी करणाऱ्याला नावाशी फारसे देणेघेणे नसते, त्याला दोन माणसांमधले नाते मोडायचे असते. सुनेचे सासूला, सासूचे सुनेला, धाकट्याचे थोरल्याला. म्हणून चहाडीतला प्रत्येक शब्द खरा असू शकतो, कधी तर तो निरुपद्रवीही असतो. "ती म्हणाली की तुमच्याकडचं कालवण जरा पातळ होतं." एवढे वाक्य कोणाच्या अब्रूला धक्का लावत नाही, पण दिवाळीपर्यंत दोन घरांचे येणेजाणे बंद करू शकते. संत थॉमस चहाडीला निंदेहून गंभीर मानतात, कारण मानापेक्षा मित्र मोठा.

आता खऱ्याखोट्याकडे येऊ. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये (परिच्छेद 2477) दुसऱ्याच्या नावाला इजा करण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणे हा पहिला. खरा असलेला दोष, योग्य कारण नसताना, ज्यांना ठाऊक नव्हता त्यांच्यापुढे उघड करणे हा दुसरा. खोटे सांगून नाव खराब करणे हा तिसरा. तिसऱ्यासाठी आपल्याकडे 'आळ' हा नेमका शब्द आहे. गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहू नये, पाहिला तर आळ येतो, असे आपले शेजारी म्हणतात आणि त्यामागे स्यमंतक मणी चोरल्याचा खोटा ठपका कृष्णावर आल्याची कथा आहे. आळ म्हटले की न केलेल्या गोष्टीचा, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या प्रकाराला असा एकच ठरलेला शब्द नाही. मला 'बोभाटा' जवळचा वाटतो. बोभाटा ज्याचा होतो ते बहुधा घडलेले असते. ते झाकलेले होते, ते आता चव्हाट्यावर आले. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे ठेवलेली वस्तू कोणत्या वाटेने कुठे जाईल हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. त्यांनी आळ घेतला नव्हता, बोभाटा केला होता. बोभाटा खऱ्याचाच असतो, आणि तरीही आठव्या आज्ञेच्या हिशेबात तो मांडला जातो.

का मांडला जातो, हे समजण्यासाठी 'अब्रू' या शब्दाकडे पाहू. तो फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी म्हणजे अब्रू. मोत्याचे पाणी गेले तरी मोती जागेवर असतो, वजनही तेवढेच भरते, पण तो कोणी घेत नाही. माणसाचेही तसेच होते. त्याचे हातपाय, त्याची गुंठाभर जमीन, त्याची नोकरी सर्व जागेवर असते, पण मुलीच्या सोयरिकीसाठी कोणी दारात येत नाही. मिस्साला तो मागच्या बाकावर बसू लागतो, मग प्रभुभोजनाआधीच निघून जातो, मग येईनासा होतो. असा रिकामा झालेला बाक माझ्या नजरेतून सुटत नाही. पापी माणसाला परत येण्यासाठी जी वाट लागते ती त्याच्या उरलेल्या अब्रूतूनच जाते. बोभाटा ती वाट बंद करतो. ज्याचे पाप सगळ्यांना ठाऊक झाले त्याला पश्चात्ताप करूनही काही परत मिळत नाही, मग तो कशासाठी करावा?

पवित्र शास्त्रात याची दोन चित्रे आहेत. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडलेला आहे. हामने जे पाहिले ते खरे होते. त्याने बाहेर येऊन भावांना जे सांगितले तेही खरे होते. शेम आणि याफेथ यांनी मात्र पाठमोरे चालत जाऊन बापाच्या अंगावर वस्त्र घातले. शाप कोणाच्या वाट्याला आला आणि आशीर्वाद कोणाच्या, हे आपल्याला माहीत आहे. दुसरे चित्र संत मत्तयच्या पहिल्याच अध्यायातले आहे. योसेफाला मरीयेविषयी जे कळले होते ते त्याच्या समजुतीप्रमाणे अगदी पक्के होते, आणि नियमशास्त्र त्याच्या बाजूचे होते. तरी तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गुपचूप दूर होण्याचे ठरवले होते. शुभवर्तमानकार त्याला नीतिमान म्हणतो. आणि पुढे कळले की जे पक्के वाटत होते ते तसे नव्हतेच. योसेफ आधी बोलला असता तर देवदूताच्या येण्यानंतर ते शब्द कोण परत घेणार होते?

"मला पक्के ठाऊक आहे" हे वाक्य किती कच्चे असते याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे. 1882 साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांतून कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर जबर आरोप झाले. छत्रपतींच्या छळामागे बर्वे आहेत, असे दाखवणारी पत्रे संपादकांच्या हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर या दोघांनीही माफी मागितली, पण चार महिन्यांची साधी कैद झालीच. 101 दिवसांनी ते सुटले आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. दोघांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना ते खरेच वाटत होते. पण मला यातली दुसरीच गोष्ट खटकते. टिळक-आगरकर पुढे मोठे झाले, त्यांच्या तुरुंगवासाचे कौतुक आपण शाळेत ऐकतो. बर्वे मात्र आज कोणाला आठवत असतील तर त्या आरोपामुळेच. कोर्टाने त्यांची बाजू मानली, लोकांच्या आठवणीने मानली नाही.

आपल्या केडगावच्या मातीतले उदाहरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, पण मुक्ती मिशनचे नाव घेतल्याशिवाय केडगावचे नाव पुरे होत नाही. येथे येण्यापूर्वी, 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तिथे धर्माची शिकवण दिली जाणार नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. या घटनेविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्या उघड्या दारामागच्या हेतूविषयी. रमाबाईंच्या मते दार बंद करणे म्हणजे लपवाछपवी झाली असती. 'केसरी'ने त्यांच्यावर सडकून टीका केली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला हेही खरे आहे. म्हणजे टीकाकारांची काळजी अगदी निराधार होती असे मी म्हणणार नाही. रानडे-भांडारकरांनी आपले मत नावानिशी, लेखी आणि संबंधित मंडळाला कळवले. ती निंदा नव्हे, मतभेद होता.

पण "दार उघडे होते" हे विधान आणि "फसवण्यासाठी उघडे ठेवले होते" हे विधान, या दोहोंत एक मोठी उडी आहे. पहिले डोळ्यांनी दिसते, दुसरे फक्त देवाला दिसते. कॅटेकिझममधला पहिला मार्ग तो हाच, उतावळेपणाने दोषी ठरवणे. तिथे जीभ अजून हललेलीही नसते. बाकीचे दोन्ही मार्ग बहुधा इथूनच फुटतात. तीन-चार वर्षांनी दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन रमाबाई केडगावला आल्या आणि 1922 साली येथेच देवाघरी गेल्या. पुण्यातले ते दार कशासाठी उघडे होते यावर अजूनही लेख लिहिले जातात.

"मग काय फादर, सगळं झाकूनच ठेवायचं का?" असे कोणी विचारील. मुळीच नाही, आणि हे मी ठळकपणे लिहितो. कॅटेकिझम 'योग्य कारण नसताना' असे म्हणतो. आपला देशाचा कायदाही तीच रेघ ओढतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 499 होते; 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने घेतली आहे. नुसते 'ते खरे होते' एवढ्याने फौजदारी बदनामीतून सुटका होत नाही, ते उघड करणे लोकहितासाठी गरजेचे होते हेही दाखवावे लागते. दोष ठरल्यास दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचीही शिक्षा होऊ शकते. बोललेले, लिहिलेले, खुणेने किंवा चित्राने दाखवलेले, सर्व त्यात येते. 'मी तर फक्त भुवई उडवली' हा बचाव तिथेही चालत नाही.

तेव्हा जिथे कोणाला धोका आहे तिथे बोललेच पाहिजे, पण ज्याला कळणे गरजेचे आहे त्याच्याकडे. मुलीच्या लग्नाआधी तिच्या आईबापांनी विचारले की मुलगा दारू पितो का, तर ठाऊक असलेले सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे. तेच गुऱ्हाळावर बसून चार जणांना सांगणे हा बोभाटा. बचत गटाच्या पैशात गडबड दिसली तर हिशेब गटापुढे मागावा. आणि लहान मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत तर आजच्या शुभवर्तमानातला जिना चढत बसायचेच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे संशय आला तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आरोपी शिक्षक असो, नातेवाईक असो वा धर्मगुरू असो. 'संस्थेची अब्रू' या नावाखाली जगभर ख्रिस्तसभेतल्या लोकांनी अशा गोष्टी दाबल्या आणि लेकरांनी त्याची किंमत मोजली. ते मौन म्हणजे शेम आणि याफेथ यांनी घातलेले वस्त्र नव्हते. त्याने बापाला नव्हे, लांडग्याला झाकले.

ऐकणाऱ्याविषयी थोडे. संत थॉमस म्हणतात की निंदा ऐकून आनंद घेणारा किंवा अडवता येत असून न अडवणारा निंदेत भागीदार असतो. दानिएलच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायात दोन वडीलधाऱ्यांनी सुसान्नावर आळ घेतला, तेव्हा सभेने विश्वास ठेवला, कारण ते वडीलधारे होते. एक तरुण पोरगा ओरडला म्हणून ती वाचली. त्याने तरी काय केले? दोघांना वेगवेगळे उभे करून विचारले, कोणत्या झाडाखाली? एवढा साधा प्रश्न. आपणही विचारू शकतो: तुम्ही स्वतः पाहिले का? कोणी सांगितले? हे मला का सांगता? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक गप्पा थांबतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 6 सप्टेंबर 2020 रोजी, करोनाच्या ऐन काळात, आजच्याच शुभवर्तमानावर बोलताना कुचाळक्यांना करोनाहून वाईट साथ म्हटले होते. आपल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपांना ते अगदी लागू पडते. पुढे पाठवण्यासाठी जीभही लागत नाही, अंगठा पुरतो.

शेवटी भरपाई. कॅटेकिझम (2487) सांगतो की क्षमा मिळाली तरी केलेल्या नुकसानाची भरपाई करण्याचे बंधन राहते. चोराने पैसे परत करावेत, तसेच. इथे आळ आणि बोभाटा यांच्या वाटा पुन्हा वेगळ्या होतात, आणि अवघड वाट कोणती हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

आळ परत घेता येतो. गोपाळ कृष्ण गोखले 1897 साली इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे बोलले की प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर त्यांनी पुरावा शोधला, तो मिळाला नाही. ज्यांनी पत्रे पाठवली त्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत आणि स्वतः बिनशर्त, जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रे म्हटले. पण जितक्या मोठ्या आवाजात बोललो तितक्याच मोठ्या आवाजात परत घ्यायचे, हा भरपाईचा खरा माप त्यांनी पाळला. ज्या ग्रुपवर आळ घेतला त्याच ग्रुपवर "मी सांगितले ते खोटे होते" असे लिहायचे. त्या माणसाला एकट्याला गाठून हळूच "चुकलं हं माझं" म्हणणे पुरेसे नाही.

बोभाट्याचे मात्र तसे करता येत नाही. जे सांगितले ते खरे होते. "ते खोटे होते" असे आता म्हटले तर ते नवे खोटे होईल. खरे बोलून केलेली इजा खोटे बोलून भरता येत नाही. म्हणूनच खरे सांगून केलेली निंदा, सांगणाऱ्याला हलकी वाटली तरी, फेडायला अधिक जड असते. उरते एवढेच की त्या माणसाविषयी जे चांगले ठाऊक आहे ते, जिथे वाईट सांगितले तिथे, मुद्दाम जाऊन सांगावे. तो विषय पुन्हा निघाला तर बदलावा. त्याच्या घरी काही कार्य असेल तर आधी आपण जावे, म्हणजे मागून चार जण येतील. मिस्साला त्याच्या बाकावर जाऊन बसावे. यातले काहीही एका दिवसात होत नाही.

बेनसिराच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय या आठवड्यात घरी मोठ्याने वाचावा, जिभेविषयी तिथे भरपूर आहे. शनिवारी संध्याकाळी रोजरीनंतर मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसलेला असेन. भरपाई कशी करावी याविषयी ज्यांना विचारायचे आहे त्यांनी जरूर यावे. फक्त स्वतःचे सांगावे. ज्याच्याविषयी बोललात त्याचे नाव मला सांगण्याची गरज नाही.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू